फ्रिजजवळून आलेला टॉर्पेडो

केवलराम हटवार यांनी निवृत्तीनंतरच्या सात महिन्यांत एकशे बारा वेळा जलसमाधी घेतली. तीही समुद्रापासून बारा-चौदा तासांच्या रेल्वेप्रवासाइतक्या अंतरावर, भिलाईत, रिसालीच्या आपल्या घरी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. एवढ्या वेळा बुडूनही माणूस चार वाजता चहा मागायला हजर असे, हे विशेष.

याला कारण त्यांची मुलगी उन्नती. ती हैदराबादला नोकरी करते. वडील घरी बसले म्हटल्यावर तिनं आपला जुना लॅपटॉप आणि कानाला लावायचा हेडफोन पाठवून दिला. बाबा त्यावर पत्ते खेळतील, फार तर बातम्या पाहतील, असा तिचा भाबडा अंदाज. पण लॅपटॉपात तिनं कॉलेजात असताना घेतलेला एक पाणबुडीचा खेळ राहून गेला होता. केवलरामनं तो उघडला, आणि कारखान्यात पस्तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस एका दुपारी कप्तान झाला. पगारवाढ नाही, पण हुद्दा मोठा.

खेळ तसा सोपा. पडद्यावर काळंनिळं पाणी, खोली दाखवणारा काटा, वेग दाखवणारा काटा. शत्रूची पाणबुडी कुठं तरी दडलेली. ती टॉर्पेडो सोडणार आणि तुम्ही तो चुकवायचा. पहिल्या पाच पायऱ्यांपर्यंत टॉर्पेडो पडद्यावर लाल ठिपक्यासारखा दिसे, तेव्हा केवलरामचं बरं चाललं होतं. सहाव्या पायरीपासून ठिपका गायब. आता नुसता आवाज. बारीक सुईसारखी किरकिर कानात येणार, ती डावीकडून की उजवीकडून, जवळ की दूर, हे ऐकून ठरवायचं. टॉर्पेडोचा वेग पंचावन्न, आपल्या पाणबुडीचा जास्तीत जास्त वीस. म्हणजे पळून सुटका नाही.

केवलराम पळतच असे. किरकिर आली की इंजिन फुल्ल, नाक उजवीकडे, आणि पुढच्या मिनिटाला धडाम.

"आज कितींदा मेले जी?" बायको, सिंधुताई, स्वयंपाकघरातून विचारत.

"चारदा. पण गेम बेईमान आहे. आवाज न देता मारते."

आधी चूक खेळाची होती. मग लॅपटॉपची झाली. मग वीज कंपनीची, कारण व्होल्टेज कमी असलं की आवाज दबतो, असा शोध केवलरामनं लावला. शेवटी पाळी उन्नतीवर आली. तिनं हलका हेडफोन पाठवला म्हणे. स्वतः केवलरामच्या वाट्याला चूक काही येईना. साठ वर्षं ती कधी आली नव्हती, तर आता कशाला येणार!

त्यात हेमराज. हा सिंधुताईंचा धाकटा भाऊ, रेल्वेत मालगाड्या चालवून निवृत्त झालेला, दुर्गला बोरसीत राहणारा. त्यानं बहिणीकडे एकदा तो खेळ पाहिला आणि आठवडाभरात आपल्या घरी घेतला. आठव्या दिवशी फोन.

"भाऊजी, मी नववी पायरी पार केली. तुमचं कुठवर आलं?"

"मी सहावीचा अभ्यास करून राहिलो."

"सहावीत काय अभ्यास? आवाज आयकाचा, त्याच्या आडवं वळाचं, बस. मले तर सोळा डब्यांच्या मागचं चाक वाजलं तरी समजत होतं."

ते सोळा डबे केवलरामला फार लागले. कारण कानाचा लौकिक या घराण्यात एकाच माणसाचा होता, आणि तो रेल्वेतला नव्हता. क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून सहा मजल्यांएवढ्या उंचीवर बसून केवलराम सांगायचा, तिसऱ्या चाकाचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. नवव्या दिवशी ते जायचं. दुसऱ्या पाळीतले फिटर त्याला बोलवून न्यायचे, 'हटवारजी, जरा सुनके बताओ'. हा मान त्याला कुठल्या कागदावर मिळाला नव्हता, म्हणून जास्त प्रिय होता. त्या माणसाला आता मालगाडीवाला मेव्हणा ऐकण्याची शिकवणी देत होता.

एका सकाळी केवलराम एकशे तेराव्यांदा बुडाला आणि हेडफोन टेबलावर आपटला. सिंधुताई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी परात बाजूला ठेवली.

"आणा इकडं. पाहतो तर खरी काय वाजते ते."

"तुले काय समजते त्यातलं?"

"समजत नाही म्हून तर आयकून पाहतो."

त्यांनी हेडफोन लावला. केवलरामनं तीच पायरी पुन्हा सुरू केली. अर्ध्या मिनिटात सिंधुताईंनी मान वर केली. "हे काय, डावीकून येऊन राह्यलं ना! चांगलं कर्कश्श वाजते. मच्छराच्या बापासारखं."

"कुठं? दे." केवलरामनं हेडफोन हिसकावून लावला. पाण्याची घरघर. बाकी शांत. "काही नाही वाजत." धडाम.

सिंधुताई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला, डावीकडचं उजव्या कानाला आणि उजवीकडचं डाव्या कानाला, आणि म्हणाल्या, "आता लावा."

केवलरामनं लावला. पायरी पुन्हा सुरू केली. या वेळी किरकिर आली. स्वच्छ, तीक्ष्ण, कानाच्या पडद्याला टोचेल अशी. इतके दिवस ती तिथंच होती. ती डाव्या बाजूनं येत होती, आणि त्या बाजूला दार बंद होतं.

"हेडफोनच खराब आहे," तो म्हणाला.

"हेडफोन नाही जी," सिंधुताई हळूच म्हणाल्या.

हळूच म्हणाल्या तरी त्या उजव्या बाजूला होत्या, त्यामुळे ऐकू आलं. केवलरामनं लॅपटॉप बंद केला आणि अंगणात जाऊन नळाचा वॉशर बदलायला घेतला. नळ बिघडलेला नव्हता. दुपारपर्यंत बिघडला.

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. दीडेक वर्षापासून माहीत होतं. लोक आजकाल पुटपुटतात, टीव्हीवाले आवाज कमी सोडतात, आणि सिंधुताई मुद्दाम पाठमोऱ्या बोलतात, अशी त्यानं जगाबद्दल एक तक्रारवही उघडली होती आणि प्रत्येक न ऐकलेला शब्द तिच्यात टाकत होता. स्वतःच्या कानाचं नाव घेतलं असतं, तर फिटरांनी बोलवून नेलेला तो हटवार उरला नसता. म्हणून नाव घ्यायचं नाही, इतका साधा उपाय. तीन दिवस दोघांत या विषयावर अक्षर निघालं नाही. बाकीच्या विषयांवर निघालं, ते भांडणाचं निघालं.

याच सुमारास भिलाईच्या मराठी मंडळाला तरुणांची काळजी वाटू लागली. मंडळाच्या कार्यक्रमांना तरुण येत नाहीत, हे सचिव गुलाबराव चौथ्यांदा सचिव झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. रांगोळी आणि पाककला यांनी तरुण का येत नाहीत, यावर तीन बैठका झाल्या. बैठकीत एकही तरुण नव्हता. शेवटी हेमराजनं सुचवलं आणि गुलाबरावांनी ते स्वतःला सुचलं म्हणून जाहीर केलं: रविवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात पाणबुडीची स्पर्धा. पत्रकावर लिहिलं, 'पाणतीर चुकवा स्पर्धा'. पाणतीर म्हणजे काय हे विचारायला अठरा जणांचे फोन आले. त्यांतल्या अकरा जणांना ती पोहण्याची स्पर्धा वाटली होती.

नियम असा, की प्रत्येक पाणबुडीवर दोघं. एक कप्तान, चालवणारा. एक कानवाला, ऐकून दिशा सांगणारा. प्रेक्षकांचं काही कानावर पडू नये म्हणून दोघांनीही हेडफोन लावायचे. हेमराजनं नाव दिलं, आणि त्याच्यासोबत कानवाला म्हणून खुद्द गुलाबराव. स्पर्धेचे आयोजक तेच, परीक्षक तेच. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण मंडळाची निवडणूकही ते अशीच घेत.

केवलरामनं अर्ज आणला, त्यात आपलं नाव लिहिलं आणि दुसऱ्या रकान्यापुढं पेन धरून बसला. कुणाला घ्यायचं? बाहेरचा कानवाला घेतला तर विचारणार, हटवारजी, कानवाले तुम्हीच का नाही? सिंधुताईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात आपलं नाव लिहिलं.

"अवं, तुले काय येते त्यातलं?"

"काही नाही येत. पण मले आयकू येते."

केवलरामनं अर्जाची घडी केली.

रविवारी सभागृहात शंभरेक माणसं होती. तरुण सहा. त्यांतले चार पोह्यांच्या काउंटरवर. मंचावर दोन लॅपटॉप पाठीला पाठ लावून ठेवलेले, मागं मोठा पडदा. पडद्यावर दोन्ही पाणबुड्या प्रेक्षकांना दिसत होत्या, खेळणाऱ्यांना मात्र मान वळवून पडद्याकडे पाहायला मनाई. आधीच्या फेऱ्यांत एका जोडीनं आपली पाणबुडी सरळ समुद्राच्या तळाला लावली, दुसऱ्या जोडीत नवरा-बायकोचं असं जुंपलं की शत्रूची गरज उरली नाही. केवलराम आणि सिंधुताईंच्या वाट्याला आलेले दोघं आलेच नाहीत, त्यामुळे ते एकही टॉर्पेडो न पाहता अंतिम फेरीत पोहोचले. समोर हेमराज आणि गुलाबराव.

"भाऊजी, जमते ना?" हेमराज लॅपटॉपच्या वरून डोकावून म्हणाला. "नाहीतर सांगा, मी हळू मारतो."

शिट्टी झाली. केवलरामनं हेडफोन लावला, आणि लगेच त्याला कळलं की काम बिघडलं. डावा कान मिटलेलाच होता, आता उजव्यावरही गादी बसली. शेजारी सिंधुताईंचे ओठ हलत होते आणि त्याला पाण्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्यानं हेडफोन काढला, गळ्यात टाकला आणि खुर्ची ओढून बायकोच्या डाव्या हाताला गेला, म्हणजे ती त्याच्या उजव्या कानाशी आली.

"सांग."

"आला," सिंधुताई म्हणाल्या. त्यांचे डोळे गच्च मिटलेले. "येऊन राह्यला."

"कोणीकून?"

सिंधुताईंना पोर्ट, स्टारबोर्ड, अंश, काही माहीत नव्हतं. डावं-उजवं म्हणावं तर आवाज अर्धा पुढून अर्धा बाजूनं. घरी लॅपटॉपचं टेबल बैठकीत होतं. खुर्चीवर बसलं की समोर देवघर, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे फाटक, पाठीमागं न्हाणी.

"फ्रिजजवळून!" त्या ओरडल्या.

सभागृह खो खो हसलं. केवलराम हसला नाही. फ्रिज देवघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कोपऱ्यात होता. म्हणजे पुढून, डावीकडे तिरका. आयुष्यात कुणी त्याला इतकी नेमकी दिशा दिली नव्हती.

त्याचा हात सवयीनं इंजिन फुल्ल करायला गेला. सिंधुताईंनी मनगट धरलं. "थांबा. अजून दूर आहे. पळसान तर तो आयकन तुमाले."

केवलराम थांबला. पस्तीस वर्षं त्यानं क्रेनच्या आकड्याला लटकलेली वजनं झुलताना पाहिली होती. झुलत्या वजनाला घाबरून उलटं ओढलं तर ते अजून झुलतं. ते आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं आणि मग एकाच वेळी क्रेन सरकवायची. हे त्याच्या हाताला माहीत होतं. खेळात आल्यापासून हाताला कुणी विचारलं नव्हतं.

"आता कुठं?"

"ओट्यापाशी... ओट्यापाशीच आहे... मोठा झाला जी, लय मोठा झाला!"

केवलरामनं टॉर्पेडोला चकवण्यासाठी खेळात दिलेला, आवाज करणारा डबा पाण्यात सोडला. तो बुडबुडे काढत तिथंच गलका करत राहिला. त्यानं नाक फाटकाकडे वळवलं आणि पाणबुडी खाली दाबली. नव्वद मीटर खोलीवर थंड पाण्याचा थर होता, त्याच्याखाली आवाज पोहोचत नाही, असं खेळाच्या माहितीत लिहिलेलं त्यानं सात महिन्यांपूर्वी वाचलं होतं आणि त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. थराच्या खाली जाताच इंजिन बंद केलं.

सिंधुताईंनी श्वास रोखला होता. "डोक्यावरून गेला... न्हाणीकडं गेला... गेला."

प्रेक्षकांनी मोठ्या पडद्यावर टॉर्पेडो डब्यातून आरपार जाताना पाहिला आणि आरोळी ठोकली. धडाम ऐकू न आल्यानं हेमराजनं दुसरा सोडला, लगेच तिसराही. दुसरा फाटकाकडून आला आणि थराच्या वरून निघून गेला. तिसरा देवघरातून नाकासमोर आला तेव्हा सिंधुताईंनी मिटल्या डोळ्यांनी हात जोडले, केवलरामनं दुसरा डबा सोडला आणि अंगणात वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून जावं तसा स्वतः बाजूनं निघाला.

मग शांतता. खालच्या पाण्यात एक पाणबुडी गप्प पडून होती. वरच्या पाण्यात दुसरी बावचळली होती.

"कुठं गेले? गुलाबराव, कुठं गेले?" हेमराज ओरडला.

"मला पश्चिमेला काहीतरी जाणवतं."

"पश्चिम कोणती बापा यात?"

हेमराजनं इंजिन फुल्ल केलं आणि शोधायला निघाला. गलका करत, फेस काढत, एखादी मालगाडी चढावर निघावी तसा. इकडे शिकार न सापडलेला तिसरा टॉर्पेडो पाण्यात गोल फिरत होता. यंत्राला मेव्हणे-भाऊजी कळत नाहीत. सगळ्यात जास्त आवाज ज्याचा, तिकडे जायचं एवढंच त्याला शिकवलेलं. तो वळला.

"न्हाणीकून आला!" सिंधुताई ओरडल्या. मग थांबल्या. "नाही, आपल्याकडं नाही. दुसरीकडं चालला."

पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. शंभर माणसं एका आवाजात "अरे अरे अरे" म्हणाली, पण हेमराजच्या कानावर नियमाप्रमाणे हेडफोन होता. त्याच्याच टॉर्पेडोनं त्याला मागून गाठलं.

टाळ्या पडल्या. परीक्षक उभे राहिले. बुडालेल्या पाणबुडीचे कानवाले तेच होते, ही गोष्ट त्यांनी मोठ्या मनानं बाजूला ठेवली आणि माइक हातात घेतला.

"निकाल देण्यापूर्वी एक गंभीर बाब," गुलाबराव म्हणाले. "हटवार यांनी संपूर्ण सामन्यात हेडफोन कानाला लावला नाही. म्हणजे प्रेक्षकांच्या आरोळ्या त्यांना ऐकू येत होत्या. शिवाय त्यांच्या सौभाग्यवती फ्रिज, ओटा अशी सांकेतिक भाषा वापरत होत्या. नियमभंग झाला आहे. सामना रद्द करणं मला क्रमप्राप्त आहे."

सिंधुताई तोंड उघडणार तोच केवलराम उभा राहिला. त्याच्यापाशी उत्तर तयार होतं. हेडफोन खराब आहे, असं म्हणायचं. सात महिन्यांत ते इतकं घासून झालं होतं की आपोआप निघालं असतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. एक शब्द माहीत नसताना ही बाई शंभर लोकांपुढं डोळे मिटून फ्रिज, फ्रिज ओरडत होती, आणि आता तिलाच लबाड ठरवत होते.

"मले डाव्या कानानं आयकू येत नाही," केवलराम म्हणाला.

गुलाबरावांनी माइक खाली घेतला.

"हेडफोन लावला तर उजवाही बंद होते. मंग ही काय बोलते ते कसं आयकू? म्हून काढला. दीड वर्ष झालं. घरी सांगतलं नाही, हेमराजले सांगतलं नाही. आता तुमाले सगळ्याइले सांगून राहिलो. लिहून घ्या नियमात."

आवाज आवरता न आल्यानं तो जरा जास्तच मोठा निघाला. मग तिसऱ्या रांगेतले एक जुने रेल्वेवाले उठले आणि म्हणाले, "माझा उजवा गेला, हटवारजी. चार वर्षं झाली." मागून कुणी तरी म्हणालं, "काय म्हणून राह्यले ते?" आणि शेजाऱ्यानं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्यावर तोही म्हणाला, "मग माझे दोन्ही लिहा!" हशा झाला. पंधरा मिनिटांत मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांपैकी निम्म्यांनी आपापला कान जाहीर केला. सभागृहाचा माइक नादुरुस्त असल्याची तक्रार आठ वर्षं दरेक सभेत होत होती आणि दोनदा माइक बदलूनही झाला होता. तो अगदी ठणठणीत होता, हे त्या दिवशी कळलं.

गुलाबरावांनी निकाल राखून ठेवला. तो अजून राखलेलाच आहे आणि बक्षिसाची ढाल त्यांच्या कपाटात आहे.

हेमराज पोह्यांची बशी घेऊन केवलरामजवळ आला. आधी डाव्या बाजूला बसला, मग उठून उजव्या बाजूला बसला. "भाऊजी, मी फोनवर एवढं बोलत होतो ते..."

"अर्धं आयकू नव्हतं येत. म्हून तर तुझ्याशी संबंध टिकून राह्यले."

मंगळवारी हेमराजनंच त्याला स्कूटरवर बसवून सुपेल्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, पाणी सोडलं आणि डाव्या कानातून चिंचोक्याएवढा मळाचा काळा गोळा काढून स्टीलच्या वाटीत टाकला. केवलरामनं त्या वाटीत डोकावून पाहिलं. दीड वर्षाचं दुःख, अपमान, तक्रारवही, सगळं चिंचोक्याएवढं.

"अब सब ठीक?" त्यानं आशेनं विचारलं.

"आधं ठीक," बाई त्याच्याइतक्याच सरमिसळ भाषेत म्हणाल्या. "बाकी आधं उम्र का है. मशीन लावावं लागेल."

मशीन लावायला त्यानं पंधरा दिवस घेतले. पहिल्या दिवशी ते लावून बैठकीत बसला तेव्हा पंखा केवढा वाजतो ते त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टूलावर चढून पंख्याचं बेअरिंग बदललं, आणि या वेळी ते खरोखरच गेलेलं होतं. संध्याकाळी त्यानं ते हातात घेऊन सगळ्या गल्लीला दाखवलं.

लॅपटॉप मात्र त्याच्या हाती फारसा येत नाही. सकाळची भाजी चढवली की सिंधुताई हेडफोन लावून बसतात. त्या अकराव्या पायरीवर आहेत. पुढच्या महिन्यात रायपूरच्या मंडळात अशीच स्पर्धा आहे, आणि तिथं केवलराम आणि हेमराज यांनी एकत्र नाव द्यायचं ठरवलं होतं. कप्तान कोण, यावर फोनवर चार दिवस वाद चालला. पाचव्या दिवशी सिंधुताईंनी फोन घेतला आणि भावाला सांगितलं, की कप्तान म्हणून त्यांनी आपलं नाव पाठवून दिलं आहे, जोडीला भावजय, म्हणजे त्याचीच बायको कमलिनी आहे, आणि रायपूरच्या वाटेवर कुम्हारीच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा गाडी कोण चालवणार ते तुम्ही दोघं ठरवा.